रिकामी गव्हाण

डिसेंबर लागला की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी गोड गोड लिहून फसवलं.

डोकं फिरायला कारणं आहेत. महाडच्या बाजारपेठेत ज्या दुकानाच्या भिंतीवरची पुराच्या पाण्याची रेघ अजून गेलेली नाही, त्याच दुकानात डिसेंबरात कापसाचा बर्फ टांगतात. बर्फ! आमच्याकडे डिसेंबरच्या दुपारी बाजारातून एक चक्कर मारली की ब्लाउज पाठीला चिकटतो. मी पोलादपूरला ज्या शाळेत शिकवते तिथं तर कहरच. मुलांनी लाल टोप्या घालून यायचं, असं फर्मान निघतं. पोराच्या पायात धड चप्पल नसते आणि डोक्यावर गोंड्याची टोपी. दुपारपर्यंत टोपीचा रंग घामाबरोबर कपाळावर उतरतो. मी दरवर्षी विरोध करते आणि दरवर्षी मुख्याध्यापक म्हणतात, "बाई, मुलांचा आनंद असतो." मुलांचा कसला, फोटो काढणाऱ्यांचा आनंद.

बरं, संध्याकाळी घरी यायला एसटीत बसावं तर रस्ता तुंबलेला. अख्खी मुंबई आंबेनळीच्या घाटानं महाबळेश्वर गाठायला निघालेली. टपावर बॅगा, खिडकीतून भिरकावलेली वेफर्सची पाकिटं आणि हॉर्नचा गोंगाट. थंडी बघायला चालले आहेत म्हणे. जा बाबांनो, पण आमच्या कानांवर दया करा.

पण हे सगळे किरकोळ राग. माझा खरा राग तारखेचा आहे. पंचवीस डिसेंबर ही महाडात आमची तारीख आहे. माणसाला माणूस न मानणारी पोथी ह्याच गावात, ह्याच दिवशी जाळली गेली. आम्ही बौद्ध माणसं, आमच्या घरात ह्या दिवसाइतका मोठा सण क्वचितच दुसरा असेल. आदल्या दिवशी माझी थोरली नणंद, आमच्या आक्का, तुडीलहून गावच्या बायकांना टेंपोत घालून घेऊन येतात. सगळ्या आमच्याकडे मुक्कामाला. सकाळी पांढऱ्या साड्या नेसून तळ्यावर जायचं. ह्यांच्या आईच्या वेळेपासून हे चालत आलंय आणि नवरा गेल्यावरही मी ते मोडू दिलेलं नाही. ह्या दिवसावर कुणी कापूस पसरला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि नेमकी माझ्याच घरात ख्रिस्ती सून आली.

मुलगा इथल्या एमआयडीसीतल्या कारखान्यात आहे. ही त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये, मूळची वसईकडची. लग्नाला मी विरोध केला नाही. खूष झाले असंही खोटं सांगणार नाही. पण ज्या माणसांनी जात मोडायची शपथ घेतली, त्यांनी सुनेचा धर्म कुठल्या तोंडानं विचारायचा? म्हणून गप्प बसले. माझं गप्प बसणं किती मोठ्यानं ऐकू येतं ते माझ्या मुलाला विचारा.

आधीच्या वर्षांत प्रश्नच आला नाही. नाताळला ती माहेरी जायची, आम्ही तळ्यावर. ज्याचा दिवस त्याच्या जागी. ह्या पावसाळ्यात तिची आई गेली. वडील आधीच नव्हते. भावानं घर बिल्डरला देऊन टाकलं आणि तो दुबईला निघून गेला. तिच्या वाट्याला आईचा एक स्टीलचा डबा आला. तो तिनं कपाटात साड्यांच्या मागं ठेवला आणि उघडला नाही. मी काही विचारलं नाही. डब्याला हात लावण्याइतकी मी आगाऊ नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आई, ह्या वर्षी नाताळ इथंच करू का? थोडंसंच. जरा वातावरण आलं तर बरं वाटेल."

"वातावरण?" मी म्हटलं. "ते वेधशाळेत मिळतं."

मुलगा समोर बसून ताटातला भात चिवडत होता. तोंडात मिठाची गुळणी. आई आणि बायको बोलायला लागल्या की ह्याला भातात काय सापडतं देव जाणे.

"पंचवीसला ह्या घरात दुसरं काही होणार नाही," मी म्हटलं.

"पंचवीसला नकोच. चोवीसच्या संध्याकाळी मांडते. मागच्या खोलीत."

"झाड नको. कापूस नको. आणि ती टोपी..."

"टोपी आमच्याकडेही कुणी घालत नाही, आई."

हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की मला पुढं भांडायला जागाच राहिली नाही. मला शहाण्या माणसांशी भांडायला जमत नाही. त्यांचा मला जास्तच राग येतो.

मग तिचे उद्योग सुरू झाले. आधी चांदणी. मुलाला बांबूच्या काड्या तासायला बसवलं, माझ्याकडून बुद्धपौर्णिमेच्या कंदिलाचा उरलेला पांढरा कागद घेतला आणि मागच्या दाराला पाच टोकांची चांदणी टांगली. एक टोक जरा बसकं होतं. मी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच खळ लावून सरळ केलं. कंदील वाकडा टांगलेला माझ्या डोळ्यांना खपत नाही, एवढंच.

मग नाचणी. तिनं माझ्याकडे वाटीभर नाचणी मागितली, मला वाटलं मोड आणून सत्त्व करायचं असेल. बरं वाटलं, पोरगी घरातलं काही अंगावर घेते आहे म्हणून. दोनचार दिवसांनी मागच्या खोलीत गेले तर कोपऱ्यात पालथी टोपली. उचलून बघते तर थाळ्यात माती आणि मातीतून वर आलेले पिवळे पिवळे कोंब.

नवरात्रात घट बसवतात त्यात धान्य पेरतात, ते असंच उगवतं. असंच पिवळं, असंच केसासारखं बारीक. आमच्या घराण्यानं देवाधर्माबरोबर घटही कायमचा सोडलेला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गोठ्यासाठी, आई. येशूचा जन्म गोठ्यात झाला ना, तर नाताळात आम्ही गोठा मांडतो. त्यात गुरांपुढं हिरवळ लागते. माझी आई नाचणीच पेरायची."

मी टोपली पुन्हा झाकली. "चोवीसला आक्का येतील. त्यांच्या नजरेला हे पडू द्यायचं नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

ती मान हलवून गेली. पुढचं विचारायची सोय मी ठेवली नव्हती.

त्या रविवारी स्वयंपाकघरात गेले तर परातीत नारळाच्या दुधात भिजवलेल्या मैद्याचा गोळा आणि त्याच्या शेजारी कंगवा. मी किंचाळलेच.

"कंगवा? पिठात कंगवा?"

"नवा आहे, आई. उकळत्या पाण्यातून काढलाय." आणि तिनं बोराएवढी गोळी घेऊन कंगव्याच्या दातांवर दाबली, अंगठ्यानं गुंडाळत आणली आणि हातावर ठेवली. रेघारेघांचा एवढासा शंख. कुलकुल म्हणतात त्याला. तळायचा आणि साखरेच्या पाकात घोळवायचा.

"शंकरपाळ्यासारखे काप की चौकोनी. एवढा कुटाणा कशाला?"

"कुटाणा हाच तर नाताळ," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळ्या बायका मिळून करतात. एकटीनं केली तर संपत नाहीत."

हे ती रडव्या आवाजात म्हणाली असती तर मी उठून गेले असते. मला कुणी रडून काम करून घेतलेलं चालत नाही. पण तिनं तांदूळ निवडायला किती वेळ लागतो ते सांगावं तसं सांगितलं. म्हणून बसले. माझं पहिलं कुलकुल म्हणजे चपलेखाली आलेली गोगलगाय. ते बघून ती हसली. आई गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि आता हसली ती माझ्यावर. मग मी हट्टाला पेटले. परात संपेपर्यंत उठले नाही. शेवटी शेवटी माझीच कुलकुलं तिच्यापेक्षा सुबक होत होती, आणि तसं मी तिच्या तोंडून वदवून घेतलं.

त्या संध्याकाळी तिनं कपाटातला डबा काढला.

आत मातीच्या एवढ्याशा मूर्ती होत्या, प्रत्येक मूर्ती तिच्या आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. एक बाई, एक दाढीवाला बाप्या, गाय, गाढव, कान तुटलेलं मेंढरू. ती एकेक सोडून मांडत गेली. सगळ्यांत शेवटी एक रुमाल. त्यात अंगठ्याएवढं तान्हं बाळ. ते तिनं इतरांबरोबर ठेवलं नाही, हातातच धरलं.

"आमच्याकडे गोठा मांडतात, पण गव्हाण रिकामी ठेवतात," ती म्हणाली. "नाताळचा दिवस लागला की घरातली आई त्यात बाळ ठेवते. दरवर्षी माझी आईच ठेवायची." ती जरा थांबली. "तुम्ही ठेवाल?"

मी नाही म्हटलं.

आणि कारण सांगितलं. माझ्या सासऱ्यांनी तुडीलच्या घरातला देव्हारा सावित्री नदीत सोडला, तेव्हा गावानं त्यांचं पाणी, काम, बोलणं, सगळं बंद केलं. आमच्या बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत, आणि मी त्या पोपटपंचीसाठी पाठ केलेल्या नाहीत. "देव मी मांडत नाही," मी म्हटलं. "कुणाचाच नाही. तू मांड. मी अडवणार नाही."

"मुलीनं नाही, आईनंच ठेवायचं असतं," ती म्हणाली. "राहू दे, आई. ह्या वर्षी गव्हाण रिकामी राहील."

तिनं बाळ परत रुमालात गुंडाळलं आणि डब्यात ठेवलं. आवाज चढवला नाही. चढलेल्या आवाजाला माझ्याकडे उत्तर असतं.

पुढचे दिवस मी भांडी आपटत होते. कारण ती काय विचारत होती ते मला पक्कं कळलं होतं. मातीचं बाळ ठेवायला ती दुकानदारालाही सांगू शकली असती. "आता माझी आई कोण?" हे ती विचारत होती. मी हो म्हटलं असतं तर तिला ह्या घरात माहेरही मिळालं असतं. नाही म्हटलं म्हणजे ती फक्त सून राहिली, डबा साड्यांच्या मागं ठेवणारी. पण असा प्रश्न माणसाच्या प्रतिज्ञेच्या आडून विचारायचा का? सरळ विचारला असता तर मी सरळ उत्तर दिलं असतं. निदान मला तेव्हा तसं वाटत होतं.

चोवीस तारखेला शाळेतल्या लाल टोप्यांचा तमाशा आटपून घरी आले तर दारात तुडीलचा टेंपो उभा. बायकांना बसायला त्यात पेंढा पसरलेला. बायका उतरून पदर झटकत होत्या आणि आक्का सगळ्यांच्या पुढं. आक्का सत्तरीच्या आहेत. कणा ताठ आणि जीभ त्याहून ताठ. पाय धुवायला म्हणून त्या थेट मागच्या पडवीत गेल्या.

आणि पडवीत नाचणीचा थाळा उन्हात ठेवलेला होता. टोपलीखालचे कोंब पिवळे राहतात, ऊन दाखवलं की हिरवे होतात. गोठा आदल्या रात्रीच उभा केलेला, हिरवळ तेवढी संध्याकाळी मांडायची म्हणून सुनेनं कामावर जाताना थाळा उन्हात ठेवला होता. आक्का येण्याआधी आपण येऊ, असा तिचा अंदाज. आक्का वेळेआधी येतात हे तिला कुठं ठाऊक.

"ह्ये काय गो?" पडवीतून आक्कांचा आवाज आला.

मी धावले.

"घट बसवलास? तुज्या घरात घट?"

"आक्का, ऐकून तर घ्या."

"काय ऐकू? माज्या बानं देव पान्यात सोडलं, मार खाल्लान, आन त्याच्याच सुनेच्या पडवीत मी घट बघू? उद्या कंच्या तोंडानं तळ्यावर जानार तू?"

आणि मी पोचेपर्यंत त्यांनी थाळा उचलून परसात पालथा केला.

आक्कांना घटाचा एवढा राग का, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त सुनेला माहीत नव्हतं. त्या लहान असताना त्यांची आई दर नवरात्रात गावच्या मोठ्या जमीनदाराच्या घटासाठी नदीकाठची माती डोक्यावरून न्यायची. ती माती पायरीखाली ठेवायची आणि लांब उभं राहायचं. आमच्या माणसांनी आणलेली माती त्यांच्या देवाला चालायची, माणसं चालायची नाहीत. एका वर्षी आक्का, तेव्हा परकरातली पोर, आपल्या मातीत काय उगवलंय ते बघायला पायरी चढली. तिला हाकललंच, वर ती उभी होती ती पायरी तिच्या आईसमोर धुऊन काढली. त्यानंतर हिरवे कोंब बघून आक्कांचं मस्तक जे फिरतं ते फिरतंच.

तेवढ्यात सून आणि मुलगा आले. सुनेच्या गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र तसंच. ती पडवीत आली, पालथा थाळा बघितला आणि पायऱ्या उतरून उकिडवी बसली. थाळा हळूच उचलला. नाचणीची मुळं एकमेकांत इतकी गुंतलेली होती की मातीसकट अख्खी चकती निघाली, तव्यावरून घावन सुटून यावं तशी. कडेचे कोंब मोडले होते. ती चकती तिनं दोन्ही हातांवर घेतली.

"आत्या," ती म्हणाली, "हा घट नाही. हा चारा आहे."

"कसला चारा?"

"गुरांचा."

"आमाला काय शिकवतेस? तुमच्याकडं गुरं कुठं हायत?"

"या. दाखवते." आणि मातीच्या हातानं तिनं आक्कांचं मनगट धरलं. तिचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आक्कांचं मनगट धरायची माझी तर कधी छाती झाली नाही. आक्काही इतक्या चकित झाल्या की गेल्या तिच्यामागं. मागं सगळ्या बायका, मागं मी.

मागच्या खोलीत पुठ्ठ्याचा गोठा उभा होता. तीन भिंती, वर काड्यांचं छप्पर. आत ती मातीची बाई, तो बाप्या, गाय, गाढव, तुटक्या कानाचं मेंढरू. मधे काड्यापेटीच्या खोक्याची गव्हाण.

"ही बाई पोटुशी होती," सून म्हणाली. आवाज अजून खाली आलेला नव्हता. "दिवस भरलेले. दोघं परगावी आलेली. साऱ्या गावात कुणी घरात घेतलं नाही. दारोदार हिंडली. शेवटी गुरांच्या गोठ्यात बाळंत झाली आणि बाळ गव्हाणीत ठेवलं. एवढाच आमचा नाताळ आहे, आत्या. बाकीचं दुकानवाल्यांनी आणलं. ती नाचणी ह्या गाईपुढं ठेवायची होती."

आक्का वाकून बघत होत्या.

"कुनी घेतलं नाय?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"दिवस भरलेली बाई? दारातनं परत लावली?"

"हो."

"कंच्या गावचे ह्ये लोक?"

"बेथलेहेम."

"मेले," आक्का म्हणाल्या. "मेले सगळे."

ज्या आवाजात आक्का त्या जमीनदाराचं नाव घेतात, अगदी त्याच आवाजात. दारातून दुसरी एक बाई म्हणाली, "एक पन बाईमानूस नवती काय त्या गावात?" तिसरी म्हणाली, "असंल की. पन दार उघडायचं धाडस नको?" बघता बघता त्या सगळ्या बायका त्या परक्या गावावर तुटून पडल्या. मी आयुष्यात पुष्कळ नाताळ बघितले, शाळेत भाषणं ऐकली, शांती आणि प्रेमाचे फलक वाचले. बेथलेहेमच्या लोकांना असा दम भरलेला मात्र पहिल्यांदाच ऐकला, आणि खरं सांगते, मला तो आवडला. राग यायलाच हवा अशीच ती गोष्ट आहे. टोपीवाल्यांना ती कळलेलीच नाही.

मग आक्कांचा मोर्चा पुन्हा सुनेकडं वळला. "आन पुठ्ठ्यावर निजवलंयस तिला? गोठा हाय तर पेंढा कुठाय?"

"पेंढा मिळाला नाही, आत्या."

"मिळाला नाय!" आक्का तरातरा बाहेर गेल्या आणि टेंपोतून कवळभर पेंढा घेऊन आल्या. अर्धा घरभर सांडला. तो मी आजतागायत झाडते आहे. त्यांनी पुठ्ठ्यावर पेंढा पसरला, मातीच्या बाईला उचलून त्यावर टेकवली आणि नाचणीची चकती सुनेच्या हातून घेऊन गाईपुढं सरकवली. मोडलेली कड भिंतीच्या बाजूला केली, दिसू नये म्हणून. माफी मागितली नाही. आमच्या घराण्यात माफी मागायची रीत नाही, मोडलेली बाजू फिरवून ठेवायची रीत आहे.

रात्री चहाबरोबर कुलकुलं फिरली. बायकांना आवडली. एकीनं विचारलं, ह्या रेघा कशानं पाडतात. सून म्हणाली कंगव्यानं, आणि सगळ्यांचे हात ताटलीवर थबकले. "नवा होता," मी ओरडले. "उकळलेला!" सुनेची बाजू घेऊन मी इतक्या जोरात ओरडलेलं मुलानं कधी ऐकलं नव्हतं. तो हसला आणि लगेच भात नसलेल्या बशीत बघायला लागला.

सकाळी उजाडायच्या आतच बंब पेटला. बायका एकामागून एक अंघोळी करून पांढऱ्या साड्या नेसत होत्या. वंदना झाली. मी चपला शोधत होते, तेवढ्यात मागच्या खोलीतून आक्कांचा आवाज आला.

"बाळ कुठाय गो?"

गेले तर आक्का कमरेवर हात ठेवून गोठ्यासमोर उभ्या. सून बाजूला, डबा पोटाशी धरून.

"ठेवलं नाही, आत्या."

"का? उजाडलं की."

"आमच्याकडे घरातली आई ठेवते."

"मग ही काय मेलीय?" आक्कांनी माझ्याकडं बोट केलं.

"आक्का," मी म्हटलं, "मी मूर्ती मांडत नाही. तुम्हाला माहीत आहे. काल तुम्हीच घटावरून मला..."

"देव कोन मांडाया सांगतंय तुला?" आक्का कडाडल्या. "पूजा नको करूस. हात नको जोडूस. पन ती बाई गावभर हाकलून घेऊन इथं बाळंत झालीय आन रातभर रिकामी गव्हान बघत बसलीय. पोर दे तिला तिचं."

सुनेनं डबा उघडला. रुमाल सोडला आणि माझ्यापुढं धरला. बाळ रुमालाच्या कडेला घरंगळलं, म्हणून मला पटकन घ्यावं लागलं. नाहीतर पडलं असतं.

मी हात जोडले नाहीत, हे इथं लिहून ठेवते. प्रतिज्ञा मोडली नाही. मातीच्या अंगठ्याएवढ्या बाळाची मान लचकत नाही हेही मला कळतं. तरी ठेवताना माझं बोट त्याच्या मानेखाली गेलं. मुलाच्या वेळी जायचं तसं, आपोआप. मी त्याला पेंढ्यावर टेकवलं आणि मान नीट टेकेपर्यंत बोट काढलं नाही.

मागं सून रडत होती. कुणी रडलेलं मला चालत नाही.

"तोंड धू," मी म्हटलं. "कपाटात माझी दुसरी पांढरी साडी आहे, ती नेस. आणि तो डबा परत साड्यांच्या मागं ठेवायचा नाही. इथं वर ठेव, दिसेल असा."